गल्ल्यावरचा हिशोब आणि हंगामाचा हिशोब : बिलिंग सिस्टीम व डेटा वेअरहाउस वेगळे का ठेवायचे, कसे ठेवायचे

लातूरमध्ये 'वेअरहाउस' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एमआयडीसीतलं गोदाम येतं. एका मालकांना मी पहिल्यांदा डेटा वेअरहाउसबद्दल सांगितलं तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "भाडं किती पडेल, आणि सोयाबीन किती बसेल?" हसू आलं, पण प्रश्न वाटतो तेवढा भलताच नव्हता. दुकानात आजच्या विक्रीचा माल असतो, गोदामात हंगामभराचा. दुकानातला माल हाताला पटकन लागावा म्हणून मांडतात आणि गोदामातला लॉटप्रमाणे थप्पी लावून ठेवतात. माल तोच असतो. मांडणी वेगळी, कारण काम वेगळं. डेटाचंही तसंच : बिलिंग सिस्टीम म्हणजे दुकान आणि डेटा वेअरहाउस म्हणजे वर्षानुवर्षांचा हिशोब अभ्यासासाठी वेगळा मांडून ठेवायचं गोदाम.

हा लेख नवख्यांसाठी आहे. घरच्या दुकानाचा हिशोब संगणकावर आणणारे, एखाद्या फर्ममध्ये 'जरा रिपोर्ट काढून द्या' म्हणून नेमलेले, किंवा कॉलेजात ओएलटीपी (रोजचे व्यवहार नोंदवणं) आणि ओलॅप (साठलेल्या डेटाचं विश्लेषण) यांचा तक्ता पाठ करून आलेले, पण प्रत्यक्षात कुठून सुरुवात करायची ते न कळणारे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो : लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर असा पसारा असलेलं कृषी सेवा केंद्र. खत, बियाणं, औषधं. नगद आणि उधार.

आधी माझी फजिती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग निघून चार दिवस झाले होते आणि रात्री दणकून पाऊस पडला. सकाळी नऊपासून दुकानापुढे रांग. मालकांना ठरवायचं होतं, सोयाबीनच्या बियाण्याची आणखी एक गाडी मागवायची की नाही. त्यांनी ऑफिसमधल्या पोराला सांगितलं, "मागच्या तीन वर्षांत जूनमध्ये किती गेलं अन् जुलैत किती, बघून सांग." पोरानं अकराच्या सुमारास रिपोर्टचं बटण दाबलं. आणि पाचही दुकानांतली बिलं अडकली.

काउंटरवरचा मुलगा सांगत होता, "मामा, जरा थांबा, मशीन अडकलंय." रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "मशीन अडकलं म्हणून वापसा थांबणार हाय का?" आणि शेजारच्या दुकानात गेला. त्याच्या मागून आणखी आठ-दहा जण.

मालक माझ्यावर खवळले आणि ते बरोबरच होतं. तो रिपोर्ट बिलिंगच्याच डेटाबेसवर चालेल अशी सोय मीच करून ठेवली होती. जुन्या धाटणीचं सॉफ्टवेअर होतं. रिपोर्ट वाचत असेपर्यंत ते विक्रीच्या तक्त्याला कुलूप लावायचं. तीन वर्षांच्या मिळून नऊ-दहा लाख ओळी. खरं तर संगणकासाठी हा आकडा किरकोळ आहे. चांगल्या मांडणीत याचं उत्तर सेकंदा-दोन सेकंदांत यायला हवं. पण मांडणीच त्या प्रश्नासाठी नव्हती.

पायरी १ : एक बिल जवळून बघा

बिलिंग सिस्टीम काय करते ते समजून घ्यायचं असेल तर एकच बिल घ्या आणि त्याच्यामागे जा.

१२ जून, सकाळी ११ वाजून १० मिनिटं. दोन पोती डीएपी, १३५० प्रमाणे २७०० रुपये. एक पोतं युरिया, २६६.५० रुपये. एकूण २९६६.५०. शेतकऱ्यानं २००० रोख दिले, बाकी ९६६.५० खात्यावर.

काउंटरवर हे एक बिल. डेटाबेसमध्ये मात्र सात नोंदी होतात : बिलाचं डोकं एक, मालाच्या ओळी दोन, डीएपीचा साठा कमी, युरियाचा साठा कमी, रोख जमा एक, उधारीच्या खात्याला नावे एक. आता समजा, पाचवी नोंद झाली आणि लाईट गेली. साठा कमी झाला, पण उधारी चढलीच नाही. दिवाळीत तो शेतकरी हिशोब करायला येईल तेव्हा ९६६.५० रुपये कुठेच दिसणार नाहीत.

म्हणून या सातही नोंदींचा एक गठ्ठा बांधला जातो. झाल्या तर सातही, नाही तर एकही नाही. या गठ्ठ्यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. त्याच्या चार अटी संगणकशास्त्रात 'ॲसिड' या नावानं ओळखल्या जातात. हे नाव १९८३ साली हार्डर आणि रॉयटर या दोघांनी रूढ केलं. पहिली अट आत्ता सांगितली, सगळं किंवा काहीच नाही. दुसरी, नियम मोडता कामा नये : साठा उणे जाऊ नये, बिल खात्याशिवाय राहू नये. तिसरी नवख्यांना लवकर पटत नाही, म्हणून उदाहरणच देतो. सोयाबीनच्या एमएयूएस ७१ या वाणाची एकच बॅग शिल्लक आहे आणि दोन काउंटरवर दोघांनी एकाच क्षणी ती मागितली. दोन्ही पडद्यांवर 'शिल्लक १' दिसतंय. सिस्टीमनं एकाला बॅग द्यायची आणि दुसऱ्याला 'संपली' म्हणायचं, दोघांनाही बिल फाडून द्यायचं नाही. चौथी अट, एकदा 'बिल झालं' म्हटलं की लाईट जावो नाहीतर संगणक बंद पडो, ती नोंद राहिली पाहिजे.

या सगळ्याला वेळ किती? डोळ्याचं पातं लवेपर्यंत. ओळी किती हलल्या? सात. बिलिंग सिस्टीमचं आयुष्य असंच असतं : अगदी छोटं काम, दिवसात शेकडो वेळा, अनेक हातांनी एकाच वेळी, आणि चुकायला परवानगी नाही. अनुदानित खतासाठी आधार लावून विक्री नोंदवणारं दुकानातलं पॉस मशीनही याच जातीचं. यूपीआयही, रेल्वेचं तिकीटही.

पायरी २ : प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

माझा कामचलाऊ नियम असा. प्रश्नात 'आत्ता' आणि 'हा' असेल तर तो गल्ल्याचा, म्हणजे बिलिंग सिस्टीमचा. 'आत्ता औशाला डीएपीची किती पोती आहेत?' 'ह्या खातेदाराकडे किती बाकी?' उत्तरासाठी दोन-चार ओळी पुरतात, पण त्या या क्षणाच्या हव्यात.

प्रश्नात 'दर', 'कोणत्या', 'मागच्या वर्षीपेक्षा' असे शब्द आले की तो वेअरहाउसचा. 'कोणत्या गावांत तुरीचं बियाणं वाढलं?' 'दर जूनला उधारी किती चढते आणि त्यातली दिवाळीपर्यंत किती वसूल होते?' इथे लाखो ओळी चाळाव्या लागतात, पण उत्तर काल रात्रीपर्यंतचं असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

ही विभागणी आपल्याकडे नवी नाही. जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असायच्याच. कीर्दीत व्यवहार घडेल तसा, वेळेच्या क्रमानं लिहायचा. मग गल्ला बंद झाला, गर्दी ओसरली, की मुनीम बसून तेच आकडे नावानिशी खतावणीत उतरवायचे. आकडे तेच, प्रश्न वेगळा, म्हणून वही वेगळी. आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना खतावणी लिहायला कुणी बसत नसे. माझी अकरा वाजताची चूक त्या मुनीमजींनी कधीच केली नसती.

संगणकाच्या जगाला हे कळायला थोडा वेळ लागला. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली आणि पुढची बरीच वर्षं एकाच डेटाबेसवर सगळं भागवायचा प्रयत्न झाला. आयबीएममधल्या डेव्हलिन आणि मर्फी यांनी १९८८ मध्ये 'बिझनेस डेटा वेअरहाउस'चा आराखडा मांडला. १९९३ मध्ये खुद्द कॉड यांनीच विश्लेषणाच्या कामासाठी 'ओलॅप' हा वेगळा शब्द वापरात आणला.

पायरी ३ : मांडणीतला फरक समजून घ्या

लेखातला हा भाग जरा जड आहे, पण तो सोडू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

बिलिंगचा डेटाबेस ओळीनं साठवतो. बिलाच्या एका ओळीत समजा वीस रकाने : बिल नंबर, तारीख, वेळ, दुकान, खातेदार, गाव, माल, लॉट नंबर, नग, दर, सूट, कर वगैरे. हे वीसही रकाने डिस्कवर शेजारी-शेजारी बसतात. बिल दाखवायचं, दुरुस्त करायचं, छापायचं तर हे उत्तम, कारण एका ठिकाणी हात घातला की पूर्ण ओळ हाती येते.

आता मालकांचा प्रश्न घ्या : कोणत्या महिन्यात सोयाबीन किती? याला तीनच रकाने लागतात : तारीख, माल, नग. पण ओळीनं साठवलेल्या डेटात त्या तिघांसाठी वीसही रकाने डिस्कवरून उचलावे लागतात. सतरा रकाने फुकट, तेही दहा लाख वेळा.

वेअरहाउससाठी बनवलेले बरेच डेटाबेस उलटं करतात, ते रकान्यानं साठवतात. सगळ्या तारखा एकत्र, सगळी मालाची नावं एकत्र, सगळे नग एकत्र. तीन रकाने हवेत तर तीनच उचलायचे. शिवाय मालाच्या रकान्यात 'युरिया, युरिया, युरिया' असं हजारो वेळा एकच येत असल्यानं तो दाबून अगदी लहान करता येतो. अशा मांडणीत एक बिल दुरुस्त करणं मात्र जिकिरीचं, कारण वीस वेगवेगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो. म्हणून काउंटरवर ती चालत नाही.

दुसरा फरक पुनरावृत्तीचा. बिलिंगमध्ये खातेदाराचा मोबाइल नंबर एकाच जागी ठेवतात. नंबर बदलला तर एकच ठिकाण बदलायचं. त्यासाठी तक्त्यांचे तुकडे करतात आणि पुस्तकात त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. वेअरहाउसमध्ये आपण जाणूनबुजून तुकडे जोडतो : मालाच्या ओळीतच कंपनी, प्रकार, पीक, बॅगचं वजन, सगळं. परीक्षेत हे चूक ठरलं असतं. पण इथे कुणी रोज दुरुस्त्या करत नाही, वाचायचंच काम असतं. तेव्हा वाचणं सोपं करायचं.

पायरी ४ : पाच प्रश्न कागदावर लिहा

संगणक उघडण्याआधी. मालकांजवळ बसा, चहा सांगा आणि विचारा, "कोणतं उत्तर मिळालं तर तुमचा निर्णय बदलेल?" 'सगळंच दाखव' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. 'सगळंच'वर बांधलेली वेअरहाउसं मी दोनदा बघितली आहेत. दोन्ही ठिकाणी वर्षभरानं कुणी ती उघडतही नव्हतं.

आमच्या मालकांचे पाच प्रश्न अखेर असे ठरले : बियाण्याची गाडी कधी मागवायची, कोणत्या दुकानाला किती, उधारी कुणाची तुंबली, कोणतं औषध मुदत संपेपर्यंत पडून राहतं, आणि कोणत्या गावातलं गिऱ्हाईक कमी होतंय. एवढंच. पुढे काय साठवायचं आणि काय नाही हे या कागदावरून ठरलं.

पायरी ५ : एका ओळीचा अर्थ ठरवा

वेअरहाउसच्या मुख्य तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आमच्यासाठी : 'बिलातल्या एका मालाची एक ओळ.' अख्खं बिल नाही, दिवसाची बेरीजही नाही. दिवसाची बेरीज साठवली तर जागा वाचते, पण मग 'कोणत्या गावात' हा प्रश्न विचारता येत नाही. बारीक ठेवलेलं पुढे जाड करता येतं, जाड केलेलं बारीक करता येत नाही.

मधोमध हा विक्रीचा तक्ता आणि त्याच्याभोवती चार ओळखीचे तक्ते : तारीख, माल, दुकान, खातेदार. चांदणीसारखी आकृती होते म्हणून याला स्टार स्कीमा म्हणतात. राल्फ किंबॉल यांनी ही पद्धत लोकप्रिय केली.

तारखेचा तक्ता बघून नवे लोक हसतात. तारखेला वेगळा तक्ता कशाला? तर त्यात प्रत्येक दिवसापुढे तुम्हाला हवं ते लिहिता येतं. आर्थिक वर्ष, हंगाम खरीप की रब्बी, आठवडी बाजाराचा वार आहे का, पोळा किती दिवसांवर. मी त्यात नक्षत्राचाही रकाना ठेवला : रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. पुण्याच्या एका मित्राला गंमत वाटली. पण आमच्या मालकांना 'जूनचा दुसरा आठवडा' म्हटलं की काही बोध होत नाही, आणि 'मृगात इतकं, आर्द्रात इतकं' म्हटलं की लगेच होतो. वेअरहाउस वापरणाऱ्याच्या भाषेत बोललं पाहिजे.

एक सावधगिरी. विक्रीची बेरीज कशीही करा, चालते. साठ्याची नाही. सोमवारी २०० पोती शिल्लक, मंगळवारी १५०, म्हणून दोन दिवसांत ३५० पोती होती असं कुणी म्हणत नाही. पण रिपोर्टचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत म्हणतं. साठा आणि उधारीची बाकी यांची बेरीज दुकानादुकानांची करा, दिवसादिवसांची नको.

पायरी ६ : रात्री डेटा उतरवा

आता मुनीमजींचं काम. गल्ला बंद झाल्यावर, समजा रात्री अकराला, बिलिंगमधून डेटा काढायचा, साफ करायचा, दुसऱ्या संगणकावर भरायचा. इंग्रजीतल्या तीन अक्षरांवरून याला ईटीएल म्हणतात. दुसरा संगणक हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच मशीनवर वेगळा फोल्डर केला म्हणजे वेगळं झालं असं नाही. डिस्क एकच असेल तर ओढाताण होणारच. सोपी सुरुवात : रोजचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि तिथून वाचा. बॅकअप खरंच चालतो की नाही याचीही आपोआप तपासणी होते, आणि माझ्या मते यातच निम्मे पैसे वसूल.

रोज सगळं आणायचं की फक्त बदललेलं? दहा लाख ओळींपर्यंत बिनधास्त सगळं पुन्हा आणा. काही मिनिटांचं काम आहे. 'फक्त बदललेलं आणा' हे ऐकायला हुशारीचं वाटतं, पण त्यात खड्डे आहेत. आमच्याकडे बिल रद्द केलं की सॉफ्टवेअर ती ओळ पुसूनच टाकायचं. पुसलेली ओळ 'बदललेल्यां'च्या यादीत येत नाही. म्हणजे गल्ल्यावर रद्द झालेलं बिल वेअरहाउसमध्ये विक्री म्हणून जिवंत. शिवाय निलंग्याचं नेट दोन दिवस बंद पडलं की परवाची बिलं आज येतात, तारीख परवाची. 'आजच्या तारखेचं आणा' असं सांगितलेलं असेल तर ती कायमची निसटतात. डेटा वाढला आणि सगळं आणणं परवडेना, तेव्हा निदान मागचे दीड-दोन महिने तरी रोज नव्यानं आणा, आणि सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की पुसू नको, 'रद्द' असा शिक्का मार.

पायरी ७ : साफसफाई, म्हणजे खरं काम

वेळ सगळा इथे जातो. आमच्या मालाच्या यादीत डीएपी पाच रूपांत होतं : 'डीएपी', 'डी.ए.पी.', 'डीऐपी', '१८:४६' आणि '१८-४६-०'. काउंटरवरच्या मुलाला सगळे सारखेच. संगणकाला पाच वेगळे माल. गावांच्या नावांचंही तेच, आणि एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात ती भानगड वेगळी. यावर जादू नाही. एक जुळणीचा तक्ता करा, डावीकडे जसं आलं तसं, उजवीकडे आपलं ठरलेलं नाव. नवं नाव आलं की ते 'अनोळखी' म्हणून बाजूला पडलं पाहिजे. गुपचूप वगळलं जाऊ नये. हा तक्ता दुकानातल्या जुन्या माणसाकडून तपासून घ्या. आमच्या इथल्या दिवाणजींनी दोन दुपारींत जे निस्तरलं ते मला महिनाभर जमलं नसतं.

पायरी ८ : इतिहास बदलू नका, पण ओळखा

बिलिंगला आज कळतं. वेअरहाउसला काल आणि आज दोन्ही कळले पाहिजेत. तीन उदाहरणं देतो, तिन्ही आपल्या भागातली.

युरियाचं पोतं आधी ५० किलोचं होतं, २०१८ मध्ये ४५ किलोचं झालं. जुना-नवा डेटा एकत्र करून 'किती पोती विकली' असं विचारलंत तर फसाल. ५० टन युरिया म्हणजे जुनी १००० पोती आणि नवी ११११. विक्री एका किलोनंही वाढलेली नाही आणि रिपोर्ट म्हणतोय ११ टक्के वाढ. उपाय : मालाच्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी ठेवा, प्रत्येकीपुढे वजन लिहा आणि तुलना नेहमी किलोत करा.

दुसरं जिल्ह्यांचं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुन्या बिलांवर जुनं नाव, नव्यांवर नवं. रिपोर्टमध्ये एक जिल्हा अचानक संपतो आणि दुसरा अचानक जन्मतो. इथे इतिहास सांभाळायची गरज नाही, कारण प्रदेश तोच आहे. सगळीकडे नवं नाव लावून मोकळे व्हा.

तिसरं मात्र उलटं. उदगीरचं दुकान ऑक्टोबरपर्यंत एका सेल्समनकडे होतं, नंतर दुसऱ्याकडे गेलं. इथे सगळीकडे नवं नाव लावलंत तर जूनची सगळी विक्री नव्या माणसाच्या नावावर चढेल आणि इन्सेन्टिव्हवरून भांडण लागेल. म्हणून दुकानाच्या तक्त्यात दोन ओळी ठेवायच्या : अमुक तारखेपर्यंत हा, तिथून पुढे तो. प्रत्येक विक्री त्या दिवशी लागू असलेल्या ओळीला जोडायची. जिथे फक्त नाव बदललं तिथे पुसा आणि जिथे जबाबदारी बदलली तिथे जपा. आणि सहाव्या पायरीत 'रोज सगळं नव्यानं आणा' म्हटलं ते विक्रीच्या ओळींसाठी. या ओळखीच्या तक्त्यांचा इतिहास बिलिंगकडे नसतोच, तो आपल्यालाच वेगळा सांभाळावा लागतो.

वेअरहाउसची व्याख्या करताना बिल इन्मन यांनी चार गुण सांगितले होते : विषयानुसार मांडलेला, अनेक ठिकाणचा जुळवून घेतलेला, काळाच्या अंगानं साठवलेला आणि न पुसला जाणारा डेटा. परीक्षेसाठी पाठ करताना ते कोरडे वाटतात. पोत्यांचं वजन एकदा चुकवून बघा, कायमचे लक्षात राहतील.

पायरी ९ : रोज एक आकडा जुळवा

सकाळी वेअरहाउस उघडलं की सर्वांत आधी कालची एकूण विक्री गल्ल्याच्या आकड्याशी लावून बघा. पाचही दुकानं वेगवेगळी. रुपया-पैशानिशी. आम्हाला पहिल्या आठवड्यात औशात रोज काहीतरी फरक यायचा. शोधलं तर परत आलेल्या मालाची बिलं उणे न धरता अधिक धरली जात होती. हा फरक चालू द्यायचा नाही, 'साधारण जुळतंय' म्हणायचं नाही. मालकांना एकदा जरी दोन रिपोर्टांत दोन आकडे दिसले की ते पुन्हा वहीकडे वळतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

कोणतं साधन घ्यावं

यावर लोक फार वाद घालतात, मी थोडक्यात सांगतो. एकच दुकान असेल, दिवसाला पन्नास बिलं असतील, तर वेअरहाउस बांधू नका. महिन्यातून एकदा डेटा काढून एक्सेलमध्ये बघा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण दोन-तीन लाखांवर ते कण्हायला लागतं. पाच-दहा दुकानं असतील तर दुसऱ्या संगणकावर पोस्टग्रेस किंवा डकडीबी हा डेटाबेस पुरेसा आहे, दोन्ही फुकट. डकडीबी रकान्यानं साठवतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पोस्टग्रेस ओळीनं साठवतं, पण एवढ्या डेटाला पुरून उरतं. बिगक्वेरी, रेडशिफ्ट, स्नोफ्लेक ही क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायची वेअरहाउसं मोठ्या पसाऱ्यासाठी. वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनमागे मशीन मिनिटामिनिटाला वाचन पाठवत असेल, किंवा जालन्याच्या एखाद्या बियाणे कंपनीचे विक्रेते अनेक राज्यांत असतील, तर त्यांना ती शोभतात. त्यांतली काही प्रत्येक प्रश्नामागे किती डेटा चाळला यावर पैसे लावतात. नवख्यानं निष्काळजीपणे विचारलेला प्रश्नही बिलात दिसतो.

'आता नवे डेटाबेस दोन्ही कामं एकत्र करतात' असंही कुणी सांगेल. करतात, काही प्रमाणात. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्यामुळे माझी अकरा वाजताची फजिती त्याच रूपात झाली नसती. पण पोत्यांचं वजन, जिल्ह्याचं नाव, पाच रूपांतलं डीएपी हे प्रश्न वेगाचे नाहीतच. ते कुठलाही वेगवान डेटाबेस सोडवून देत नाही.

दोन गोष्टी विसरू नका

खातेदाराचा आधार क्रमांक वेअरहाउसमध्ये आणू नका. गाव, तालुका आणि एक आतला खाते क्रमांक एवढ्यावर पाचही प्रश्नांची उत्तरं मिळतात. मोबाइलही शक्यतो गल्ल्यावरच राहू द्या. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरतात हे आपल्याला माहीत आहे, आणि वैयक्तिक डेटाबद्दल २०२३ पासून देशात कायदाही आहे. दुसरं, वेअरहाउसमधून गल्ल्यात कधीही काही लिहू नका. वाट एकाच दिशेनं. वेअरहाउसमध्ये चूक सापडली तर गल्ल्यावर जाऊन दुरुस्त करा आणि रात्रीची वाट बघा.

सुरुवात कधी करावी

आपल्याकडे याला मुहूर्त एकच, एप्रिल. मार्चअखेर झालेली असते, साठा मोजून झालेला असतो, उन्हानं दुकानात शुकशुकाट असतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पाच प्रश्न आणि नावांची जुळणी. दुसऱ्यात मागची तीन वर्षं भरा. मे महिना नुसता आकडे जुळवण्यात घालवा. पाचपैकी एक रिपोर्ट, बियाण्याच्या गाडीचा, रोहिणी निघायच्या आत मालकांच्या हातात द्या. बाकीचे चार दिवाळीनंतर. मेच्या अखेरीला बियाण्याच्या गाड्या उतरायला लागल्या की मग दुकानातलं कुणी तुमच्याशी बोलायला मोकळं सापडणार नाही.